अनुकूलनाचं काम कोणाच्या वेळेतून होतं?

प्रश्न असा आला आहे: 'आमची संस्था काही विकसनशील देशांतल्या कोरडवाहू आणि किनारी गावांसाठी हवामान अनुकूलनाचा, म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याचा, तीन वर्षांचा प्रकल्प लिहिते आहे. निधी देणाऱ्यांनी गरिबी आणि लिंगभाव यांवर वेगळं प्रकरण मागितलं आहे. लाभार्थींत निम्म्या महिला धरल्या आहेत, बरीचशी कामं महिला गटांकडे दिली आहेत. आणखी काय हवं? आणि महिलांना जास्त झळ बसते हे दाखवायला कुठले आकडे द्यावेत?'

मी २२ वर्षं अशा प्रकल्पांची आखणी आणि मूल्यमापन करते आहे. त्यातली सुरुवातीची बरीच वर्षं मीही हेच करत होते. निम्म्या महिला, महिला गट आणि शेवटी एक प्रकरण. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आकड्यांचं आधी बघू, कारण तिथे चांगली चांगली माणसं फसतात. 'आपत्तीत बाईचा जीव जाण्याची शक्यता पुरुषाच्या १४ पट असते' आणि 'जगातल्या गरिबांपैकी ७० टक्के स्त्रिया आहेत' ही दोन वाक्यं एका अहवालातून दुसऱ्या अहवालात उतरत आली आहेत. दुसरं वाक्य १९९५ पासून फिरतंय, पण त्यामागे पडताळता येईल असा हिशोबच नाही. ही दोन्ही वाक्यं वापरू नका. एखाद्या जाणकार परीक्षकाच्या नजरेला ती पडली तर बाकीच्या मजकुरावरचाही त्याचा विश्वास उडतो, आणि तुमचा मुद्दा तर खरा आहे.

भक्कम पुरावे आहेत. १९९१ च्या एप्रिलमध्ये बांगलादेशाच्या किनाऱ्यावर आलेल्या चक्रीवादळात सुमारे १ लाख ४० हजार माणसं गेली. २० ते ४४ वयोगटात मृत्यूचं प्रमाण पुरुषांमध्ये हजारी १५ होतं आणि स्त्रियांमध्ये हजारी ७१. ऐन उमेदीतल्या, धडधाकट बायका होत्या या. १९८१ ते २००२ या काळातल्या आपत्तींचा १४१ देशांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की मोठ्या आपत्तींमुळे स्त्रियांचं आयुर्मान पुरुषांपेक्षा जास्त घटतं, आणि जिथे स्त्रियांचं सामाजिक-आर्थिक स्थान चांगलं आहे तिथे हा फरक कमी होत जातो. माझ्या मते या विषयावरचं हे सगळ्यात उपयोगी निरीक्षण आहे, कारण फरक शरीरातून येत नाही, व्यवस्थेतून येतो, हे त्यातून कळतं. गावांतल्या कुटुंबांच्या उत्पन्नाबद्दल लिहायचं असेल तर संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा २०२४ चा अहवाल घ्या. २४ देशांतल्या १ लाखाहून अधिक ग्रामीण कुटुंबांच्या माहितीवर तो आधारलेला आहे. उष्णतेच्या ताणाने स्त्रीप्रमुख कुटुंबांचं उत्पन्न पुरुषप्रमुख कुटुंबांपेक्षा सरासरी ८ टक्क्यांनी जास्त बुडतं, पुराने ३ टक्क्यांनी.

पण आकडा देऊन थांबू नका. १९९१ ला बायका का गेल्या ते लिहा. इशारा बाजारात, चहाच्या टपरीवर, मशिदीपाशी पोचला, म्हणजे जिथे पुरुष होते तिथे. घरात असलेली बाई नवऱ्याची वाट बघत राहिली, कारण घर आणि गुरं सोडून निघायचा निर्णय तिचा नव्हता. निघाली तेव्हा कडेवर एक आणि हाताला दोन मुलं होती. अनेकींना पोहता येत नव्हतं, अंगावर पाण्यात पायांत गुरफटणारी साडी होती. निवारे कमी होते, आणि जे होते तिथे अनोळखी पुरुषांच्या गर्दीत आडोसा नव्हता, वेगळं शौचालय नव्हतं. यातलं एकेक कारण पुढे हाताळलं गेलं. चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम तिथे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासूनच होता. आज त्याचे सुमारे ७६ हजार स्वयंसेवक आहेत आणि त्यांत निम्म्या स्त्रिया आहेत. बाई दारात येऊन बाईला सांगते तेव्हा घरातली बाई निघते. निवारे वाढले, बांध झाले, इशारे सुधारले. २००७ चं सिद्र हेही अतितीव्र वादळ होतं. त्यात गेलेल्यांचा अधिकृत आकडा साडेतीन हजारांच्या आत राहिला.

ओघात एक गोष्ट सांगून ठेवते. लिंगभाव म्हणजे फक्त बायका नव्हेत. निकाराग्वा आणि एल साल्वादोरमध्ये भर उन्हात ऊस तोडणाऱ्या मजुरांची मूत्रपिंडं निकामी होत गेली, आणि त्यांत बहुतेक तरुण पुरुष होते. तोडलेल्या उसाच्या वजनावर मजुरी असेल तर पाणी प्यायला थांबणं म्हणजे पैसा घालवणं. आणि कमावता पुरुष म्हणून थांबायचं नसतं. पाणी, सावली आणि ठरावीक विश्रांती एवढ्या साध्या उपायांनी तिथे फरक पडला. तुमच्या गावांतही पुरुषांवर काय येऊन पडतं ते बघा. कर्ज बहुधा त्यांच्या नावावर असतं आणि स्थलांतरही बऱ्याचदा तेच करतात.

आणि 'महिला असुरक्षित आहेत' हे वाक्य स्पष्टीकरण म्हणून कधीच लिहू नका. का नको, ते एका उदाहरणाने सांगते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडचे आफ्रिकी देश आणि भारत इथल्या दुष्काळांचा बालविवाहांवरचा परिणाम तपासला होता. आफ्रिकेत दुष्काळ पडला की मुलींची लग्नं लवकर होत होती. भारतात उलट, ती लांबत होती. दुष्काळ दोन्हीकडे सारखाच. पण तिकडे वराकडून मुलीच्या घरी गुरं किंवा पैसा येतो, म्हणजे लग्नाने घरात धान्य येतं आणि एक खाणारं तोंड कमी होतं. इकडे हुंडा द्यावा लागतो, म्हणून पिकं गेली की लग्न पुढे ढकललं जातं. मुलीच्या आयुष्याचं काय होणार ते पावसाने ठरवलं नाही, घराघरातल्या देण्याघेण्याने ठरवलं. तुमच्या गावात ही देणीघेणी कशी चालतात हे माहीत नसेल तर परिणाम कुठल्या दिशेला जाईल हेसुद्धा सांगता येणार नाही.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. पूर्व आफ्रिकेतल्या एका दुष्काळी जिल्ह्यात आम्ही रोपवाटिका, मातीचे बांध आणि परसबागा असा प्रकल्प चालवत होतो. कामावर बहुतेक बायकाच होत्या आणि आम्ही ते अहवालात अभिमानाने लिहीत होतो. दुसऱ्या उन्हाळ्यात निम्मी रोपं वाळली. कारणाच्या रकान्यात आम्ही 'पाण्याची टंचाई' लिहिलं.

तिसऱ्या वर्षी एका सहकारी मैत्रिणीने दिवसाचं घड्याळ करून बघायचं ठरवलं. ही पद्धत जुनी आहे. जमिनीवर मोठं वर्तुळ काढायचं, प्रत्येकाच्या हातात २४ खडे द्यायचे, एक खडा म्हणजे एक तास. पुरुषांचं पाच मिनिटांत आटोपलं. मग चाळिशीची एक बाई पुढे आली. चार-पाच खडे ठेवल्यावर तिने विचारलं, एक खडा दोन ठिकाणी ठेवला तर चालेल का? पाणी आणताना पाठीवर मूल असतं, मग तो तास पाण्याचा धरायचा की मुलाचा? मैत्रीण म्हणाली, तुला वाटेल तसा धर. तिने दोन खडे मध्यरात्रीनंतरच्या जागेवर ठेवले. त्या वेळी कूपनलिकेवर रांग नसते. शेवटी आमच्या रोपांना पाणी घालायचा तास आला तेव्हा हातात खडा उरला नव्हता. तिने वर्तुळाकडे जरा वेळ पाहिलं आणि झोपेच्या ढिगातला एक उचलून तिथे ठेवला. तिच्या मागे बसलेल्या बायका हसल्या नाहीत, काही बोलल्याही नाहीत. त्यांनीही तेच केलं असतं.

ज्याला आम्ही सहभाग म्हणत होतो ती त्यांची झोप होती. रोपं पाण्याअभावी वाळली हे खरं होतं, पण ते पाणी कोणाच्या डोक्यावरून, किती वाजता येणार होतं हा प्रश्न आम्ही कधी विचारलाच नव्हता. पुढे आम्ही रोपवाटिका कूपनलिकेशेजारी हलवली, रोपांची संख्या बरीच कमी केली आणि पाणी घालण्याच्या तासांना मजुरी दिली. मजुरी सुरू झाल्याबरोबर दोन पुरुषही कामाला आले, हेही नोंदवून ठेवते.

म्हणून सांगते, तुमच्या आराखड्यातलं प्रत्येक काम घ्या आणि त्यापुढे लिहा: हे रोज कोण करणार, किती वाजता, आणि ती त्या वेळी आत्ता काय करते? सेंद्रिय खत, पालापाचोळ्याचं आच्छादन, खड्डे खणून लागवड, परसबाग, बियाणं साठवणं, गटाची बैठक, प्रशिक्षण. हवामानाला टिकणारी म्हणून जी तंत्रं आपण सुचवतो त्यांतली बरीचशी हातमेहनतीची आहेत आणि ते हात बहुतेक वेळा बिनपगारी असतात. जगात १८० कोटी लोकांच्या घरात किंवा आवारात पाणी येत नाही. अशा १० पैकी ७ घरांत पाणी आणायची जबाबदारी १५ वर्षांवरच्या मुली आणि स्त्रियांवर असते. दुष्काळात झरा लांब गेला, सरपण लांब गेलं, की आधी हाच दिवस ताणला जातो. त्यावर आपण प्रकल्पाचे दोन तास चढवतो. मग मोठ्या मुलीची शाळा सुटते, कारण धाकट्याला कोणीतरी सांभाळायला हवं. हा खर्च कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही.

तो दिसेल अशी सोय करता येते. इथिओपियात २००५ पासून चाललेल्या अन्नसुरक्षा कार्यक्रमात दुष्काळी भागातल्या लाखो कुटुंबांना सार्वजनिक कामांवर रोजगार मिळतो. तिथे गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना कामाशिवाय थेट मदत देण्याची तरतूद केली गेली. भारताच्या २००५ च्या रोजगार हमी कायद्यात समान मजुरी आणि कामाच्या ठिकाणी लहान मुलं सांभाळण्याची सोय लिहिलेली होती. मुलं सांभाळण्याची सोय बऱ्याच ठिकाणी कागदावरच राहिली. पण समान मजुरी, गावातच काम आणि हक्काने मागता येणारं काम यांमुळे निम्म्याहून जास्त मनुष्यदिवस बायकांचे भरत आले. बायका 'पुढे येत नाहीत' ही तक्रार मी शेकडो वेळा ऐकली आहे. मोबदला असेल आणि मूल ठेवायला जागा असेल तर त्या येतात.

वेळेनंतर बघायचं ते कागदावरचं नाव. भारतातल्या २०१५-१६ च्या कृषी गणनेत वहितीच्या खातेदारांपैकी जेमतेम १४ टक्के स्त्रिया होत्या. शेतात राबणाऱ्यांत त्यांचं प्रमाण किती मोठं आहे ते सांगायला नको. नाव नसलं की पीककर्ज नाही, नुकसानभरपाई नाही, पाणी वापर संस्थेचं सभासदत्व नाही. नेपाळच्या डोंगराळ भागात पुरुष कामासाठी परदेशी गेलेत, शेत बाई बघते, पण पाळीपाळीने पाणी सोडायचं वेळापत्रक ठरवणाऱ्या बैठकीला घरातून सासरे जातात. जमीन तिच्या नावावर होईपर्यंत थांबायची गरज नाही. तुमच्या प्रकल्पातलं सभासदत्व जमिनीच्या कागदाशी न बांधता कसणाऱ्याशी बांधा. हा बदल नियमावलीतल्या एका ओळीचा आहे. मोठ्या प्रमाणावरही असं घडवता येतं. पाकिस्तानात २०२२ च्या महापुराने ३ कोटी ३० लाख लोकांना फटका बसला. त्यानंतर सिंध प्रांतात लाखो घरांची पुनर्बांधणी हाती घेतली गेली आणि त्यात जागेची मालकी बाईच्या नावावर करण्यावर भर दिला गेला. त्याआधी, २००८ पासून, बेनझीर उत्पन्न साहाय्य कार्यक्रमाचे पैसे घरातल्या बाईच्या नावाने जात असल्यामुळे खेड्यापाड्यांतल्या कितीतरी बायकांनी पहिल्यांदाच ओळखपत्र काढलं होतं. पुरात पैसे पाठवायची वेळ आली तेव्हा ती यादी हाताशी होती.

मोबाइलवरून मदत पाठवायचा विचार असेल तर तो चांगला आहे. २०२० च्या जुलैत बांगलादेशात जमुना नदीला (ब्रह्मपुत्रेचं तिथलं नाव) पूर येण्याआधीच, पुराच्या अंदाजावरून, २३ हजारांहून अधिक कुटुंबांना ४,५०० टाका (तिथलं चलन) मोबाइलवर पाठवले गेले. ज्यांना ते मिळाले त्या घरांत दिवसभर उपाशी राहण्याची वेळ कमी आली. पूर ओसरल्यावर मिळणाऱ्या पैशापेक्षा आधी मिळालेला पैसा जास्त उपयोगी पडतो, कारण शेळी कवडीमोल विकावी लागत नाही. फक्त सिमकार्ड कोणाच्या नावावर आहे आणि फोन दिवसभर कोणाच्या खिशात असतो हे विचारून घ्या. विम्याबाबतही तेच. उत्तर केनियात २०१० पासून उपग्रहाने चाऱ्याची हिरवाई मोजून गुरांचा विमा दिला जातो. कल्पना उत्तम आहे, पण उंट आणि गायी कोणाच्या आणि शेळ्या कोणाच्या हे न बघता विमा काढला तर घरातलं एकच खातं सुरक्षित होतं. 'सेवा' या स्वयंरोजगारी महिलांच्या संघटनेने २०२३ मध्ये असंघटित कामगार महिलांसाठी उष्णतेचा विमा सुरू केला. त्यात तापमान ठरावीक पातळीवर गेलं की बुडालेल्या रोजाची थोडी भरपाई थेट तिच्या खात्यात जाते, नुकसान सिद्ध करायला कागद लागत नाही. रक्कम लहान आहे आणि हप्त्याचा भार पूर्णपणे या बायकांवर टाकला तर ही योजना टिकणार नाही, असं माझं मत आहे. पण ज्या बाईला नियोक्ताच नाही तिच्या बुडालेल्या मजुरीची दखल कोणीतरी घेतली.

गरिबीबद्दल थोडं. गरीब माणूस हवामानाशी जुळवून घेत नाही असं नाही. तो सतत तेच करत असतो, फक्त त्याला जे करता येतं त्याची किंमत फार असते. मालावीत धान्य संपण्याच्या महिन्यांत गरीब कुटुंबं दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जातात, त्याला तिथे गान्यू म्हणतात. हे महिने नेमके स्वतःच्या शेतातल्या खुरपणीचे असतात. आजचं पोट भरतं आणि स्वतःचं पीक मागे पडतं, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा गान्यू. या घराला तुम्ही दुष्काळाला तोंड देणारं सुधारित बियाणं मोफत दिलंत तरी पेरायला आणि निंदायला माणूस घरी नाही. आधी त्या दोन-तीन महिन्यांच्या धान्याची किंवा रोख पैशाची सोय, मग बियाणं. प्रकल्पांत हा क्रम नेहमी उलटा असतो.

शिवाय एकाचं अनुकूलन दुसऱ्याच्या मुळावर येऊ शकतं. नैर्ऋत्य बांगलादेशात शेतात खारं पाणी शिरू लागल्यावर कोळंबीची तळी हा अनुकूलनाचा मार्ग म्हणून वाढला. ज्यांच्याकडे जमीन आणि भांडवल होतं त्यांना पैसा मिळाला. भूमिहीनांची मजुरी घटली, कारण भाताला जितके हात लागतात तितके कोळंबीला लागत नाहीत. शेजारची गोड्या पाण्याची तळी खारावली, गुरांचा चारा गेला. बायका आणि मुली तासन्‌तास कमरेइतक्या खाऱ्या पाण्यात उभ्या राहून कोळंबीची पिल्लं गोळा करू लागल्या. त्या किनाऱ्यावरच्या दाकोप भागात गरोदर स्त्रियांच्या वाढलेल्या रक्तदाबाचा पिण्याच्या पाण्यातल्या क्षारांशी संबंध संशोधकांना आढळला. तुमच्या किनारी गावांत कोणी कोळंबी सुचवली असेल तर हा मजकूर त्यांच्यापुढे ठेवा.

सल्लामसलतीचं उदाहरण हवं असेल तर फिजीतलं वुनिदोगोलोआ घ्या. समुद्र आत येऊ लागला म्हणून हे गाव २०१४ मध्ये सुमारे दोन किलोमीटर आत हलवलं. ३० नवी घरं उभी राहिली. राहायला गेल्यावर दिसलं की घरांना स्वयंपाकघरच नाही. निर्णयाच्या बैठकांत बायकांचं म्हणणं घेतलं असतं तर ही चूक नकाशावरच पकडली गेली असती.

निधी देणाऱ्यांशी बोलताना संकोच करू नका. पॅरिस हवामान कराराच्या कलम ७ मध्येच अनुकूलन लिंगभावाचं भान ठेवून आणि दुर्बल गटांचा विचार करून व्हावं असं लिहिलेलं आहे. विकसनशील देशांना हवामानविषयक कामांसाठी पैसा देणाऱ्या आंतरराष्ट्रीय हरित हवामान निधीचं लिंगभावविषयक धोरण २०१५ पासून आहे. शब्द आहेत, पैसा खाली उतरत नाही. २००३ ते २०१६ या काळात आंतरराष्ट्रीय हवामान निधींतला १० टक्क्यांहूनही कमी पैसा स्थानिक पातळीवरच्या कामांसाठी होता. म्हणून वेगळ्या प्रकरणाइतकाच जोर अंदाजपत्रकावर द्या. पाणी घालण्याची, राखणीची, बैठकीला येण्याची मजुरी, बैठकीच्या जागी मुलं सांभाळणाऱ्या दोन बायकांचं मानधन, कूपनलिकेची दुरुस्ती, निवाऱ्यातल्या शौचालयाला आतून कडी आणि आत दिवा. या ओळी 'इतर खर्चा'त दडवू नका, मुख्य कामांच्या खाली लिहा. कोणी म्हणेल, मजुरी दिली की स्वयंस्फूर्तता जाते. अभियंत्याला मानधन देताना हा प्रश्न आपण विचारत नाही, एवढंच त्यांना नम्रपणे सांगा.

आणि प्रस्ताव पाठवण्याआधी एकदा प्रत्येक गावात खड्यांचं घड्याळ करा. कोरड्या महिन्यात एकदा आणि पेरणीच्या दिवसांत एकदा, कारण दोन्ही वर्तुळं सारखी येत नाहीत. बायकांच्या तीन वेगळ्या बैठका घ्या: जमीन असलेल्या, भूमिहीन, आणि एकट्या राहणाऱ्या. एकत्र बसवलं तर पहिल्याच बोलतील. वेळ संध्याकाळची ठेवू नका, तेव्हा चुली पेटलेल्या असतात. मसुदा झाला की पाठवा, मी वाचून देते. तिसऱ्या वर्षाचा खर्चाचा तक्ता सोबत असू द्या, तुमची माणसं गावातून निघाल्यावर रोपांना पाणी कोण घालणार ते मला त्यात बघायचं आहे.